दिव्याखालच्या आमरीचा वाफसा

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दाजीपूरच्या जंगलात पाऊस एकदा लागला की ऑगस्ट सरेपर्यंत झाडांच्या फांद्या फार वेळ कोरड्या राहत नाहीत. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो; पश्चिमेला गगनबावड्यात तोच पाच हजारांच्या पुढे जातो. त्या सगळ्या पावसात फांदीच्या बेचक्यात बसलेलं सीतेची वेणी नावाचं ऑर्किड चार महिने न्हात असतं आणि कुजत नाही. इकडे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा नागाळा पार्कातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, एलईडी दिव्याखाली हौसेनं ठेवलेलं ऑर्किड आठवड्याला पेलाभर पाण्यावरसुद्धा बुडख्याशी काळं पडतं. कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, पाणी जास्त झालं. दाजीपूरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला एवढ्या उत्तरावर थांबता येणार नाही.

जंगलातल्या ऑर्किडला पाणी भरपूर मिळतं, पण ते मुळांपाशी मुक्काम करत नाही. सर ओसरली, वारा सुटला की काही तासांत मुळं कोरडी होतात. कुंडीत घातलेलं पेलाभर पाणी मात्र तळाशी आठवडाभर बसून राहतं. म्हणून पाण्याचं माप पेल्यात न करता तासांत करायला हवं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नव्यानं शिकवावं लागत नाही. पाऊस झाल्यावर तो लगेच शेतात शिरत नाही, वाफसा यायची वाट पाहतो. जास्तीचं पाणी निचरून गेलं, मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा शिरली, तरीही ओल उरली, ती स्थिती म्हणजे वाफसा. ऑर्किडच्या मुळाला ही स्थिती बारा महिने हवी असते. घरात दिव्याखाली ऑर्किड वाढवणाऱ्याची सगळी धडपड याच एका गोष्टीसाठी असली पाहिजे, आणि ती सांभाळली तर कूज रोखण्यासाठी औषधाची बाटली क्वचितच उघडावी लागते.

आमरी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, हे बांडगूळ नव्हे. आजही खेड्यापाड्यांत दोघांना एकाच नावानं हाक मारतात आणि आंब्याची छाटणी करताना दोन्ही एकाच कोयत्यानं काढून टाकतात. बांडगूळ यजमान झाडाच्या लाकडात मुळं घुसवून रस शोषतं. आमरी नुसती सालीला धरून बसते. पाणी आणि क्षार ती पावसातून, धुक्यातून, सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यातून मिळवते. त्यासाठी तिच्या मुळावर व्हेलामेन नावाचा मृत, पोकळ पेशींचा जाड थर असतो. कोरडा असताना तो चंदेरी दिसतो. पाणी पडलं की टिपकागदासारखं क्षणात शोषतो, पारदर्शक होतो आणि आतल्या हरितद्रव्याचा हिरवा रंग दिसू लागतो. पहिल्या सरीचं पाणी पकडून ठेवायचं आणि मग वाऱ्यात पुन्हा वाळायचं, अशी या मुळाची रोजची चाल असते. ते सतत भिजत राहिलं तर व्हेलामेनच्या पोकळ्या पाण्यानं भरून राहतात आणि आतल्या जिवंत पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणजे कुंडीतलं मूळ आधी गुदमरून मरतं आणि कुजवणारे जीव त्यानंतर शिरतात. आपण पाहतो ती कूज बहुधा दुसरा अंक असतो.

ते जीवही आपल्या ओळखीचेच आहेत. सातारा-सांगलीकडे आलं-हळद लावणाऱ्यांना कंदकूज काय करते ते सांगायला नको. तिच्यामागे बहुतेक वेळा पिथियम असतो. ऑर्किडची काळी कूज घडवणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा हे त्याच कुळातले. द्राक्षावरची डाऊनी मिल्ड्यू आणणारा जीवही या गोतावळ्यात मोडतो. यांना सवयीनं बुरशी म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबात ते खऱ्या बुरशीपासून वेगळे आहेत, आणि हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. यांचे बीजाणू शेपटीनं पाण्यात पोहतात. पानावर किंवा मुळावर पाण्याचा पातळ पापुद्रा असेल तरच ते एका जागेहून दुसरीकडे जाऊ शकतात. पापुद्रा वाळला की त्यांचा प्रवास थांबतो. मऊ कूज आणणारे जिवाणू, ज्यांना पूर्वी सरसकट एर्विनिया म्हणत, तेही ओल्या पृष्ठभागावरूनच जखमेत शिरतात. शत्रू दोन प्रकारचे असले तरी दोघांना लागणारी वाट एकच, ती म्हणजे तासन् तास न वाळलेलं पाणी.

आता दिव्यांकडे येऊ. घरात ऑर्किडसाठी दिवे लावायची वेळ येते कारण आपल्या डोळ्यांना उजेड वाटतो तो झाडाला पुरत नाही. बैठकीच्या खोलीत रात्री दोन-तीनशे लक्स उजेड असला तरी आपण आरामात वाचतो. फॅलेनॉप्सिसला, म्हणजे बाजारात सगळीकडे दिसणाऱ्या पतंगासारख्या फुलांच्या ऑर्किडला, साधारण दहा हजार लक्स लागतात. डेंड्रोबियमला आणि वांडाला त्याहून बरेच जास्त. उजेड कमी पडला की पान कमी अन्न तयार करतं, वाढ मंदावते, नवी मुळं फुटत नाहीत आणि कुंडीतलं पाणी खर्च होत नाही. तेच पाणी, तीच कुंडी, पण वाळायला पाच दिवसांऐवजी बारा दिवस. म्हणूनच दिवा कमी पडणं हेसुद्धा कुजण्याचं एक कारण आहे, आणि पाणी देताना कोणी त्याचा हिशेब करत नाही. मांडणीवर एलईडीच्या नळ्या पानांपासून वीत-दीड वीत उंचीवर ठेवून, टायमरनं बारा तास चालू ठेवाव्यात आणि बारा तास बंद. चोवीस तास उजेड देऊन झाड लवकर वाळवू पाहणारे लोक आहेत. ते अनाठायी आहे. फॅलेनॉप्सिस आपल्या पानांची छिद्रं रात्री उघडतं आणि कर्बवायू अंधारात साठवतं. त्याची रात्र काढून घेतली तर त्याचं जेवण हिरावल्यासारखं होईल.

दिवे बंद झाल्यावरचा काळ मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या खोलीत २६ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. अशा हवेचं दवबिंदू तापमान २३ अंशांच्या थोडं वर असतं. म्हणजे दिवे मालवल्यावर काचेच्या बंद कपाटातली हवा तीन अंशांनी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं, आणि ते जिथं सर्वांत थंड पृष्ठभाग मिळेल तिथं, काचेवर, पानाच्या देठाशी, पोंग्यात जमतं. बाहेरून पाण्याचा एक थेंब न घालता झाड सकाळपर्यंत ओलं राहतं. काचेच्या कपाटात दिवे लावून ऑर्किड ठेवायची पद्धत थंड, कोरड्या देशांतल्या हिवाळ्यासाठी चांगली आहे, कारण तिथं आर्द्रता टिकवणं हीच अडचण असते. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरात ते कपाट कूज वाढवण्याची पेटी ठरतं. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी या चार महिन्यांत त्याची दारं काढूनच ठेवावीत.

दाजीपुरात दरीतून वर येणारा वारा जे करतो ते घरात पंख्यानं करायचं असतं. संगणकाच्या डब्यात असतो तसला छोटा पंखा साधारण तीन वॅटचा असतो. तो महिनाभर रात्रंदिवस चालला तरी दोन-सव्वादोन युनिट वीज खातो. या छंदात यापेक्षा चांगला खर्च मला ठाऊक नाही. पंखा झाडावर रोखू नये, भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून हवा फिरती ठेवावी; पान किंचित हललं की पुरे. आणि पंखा दिव्याच्या टायमरवर लावू नये. दिव्याबरोबर तोही रात्री बंद पडला तर जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हाच तो नसतो. दिव्याला टायमर आणि पंख्याला वेगळा प्लग, एवढी एक व्यवस्था केली तरी रात्री पानावर दव बसणं बहुतांशी टळतं.

फिरत्या हवेचा आणखी एक फायदा डोळ्यांना दिसत नाही. कॅल्शियम हे पेशीच्या भिंतीला घट्टपणा देणारं मूलद्रव्य पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. एकदा पानात बसलं की ते तिथून कोवळ्या पानाकडे जात नाही. प्रवाह चालू राहण्यासाठी पानातून बाष्प बाहेर पडावं लागतं. कोंदट, थांबलेल्या हवेत ते पडत नाही आणि नव्या फुटव्याच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही. दिव्याखाली जोमानं वाढणाऱ्या कॅटलिया ऑर्किडचा फुटवा टोकाकडून काळा पडताना दिसतो, तेव्हा पुष्कळदा सुरुवात इथून झालेली असते. जिवाणू नंतर त्या मेलेल्या टोकातून आत शिरतात. अशा वेळी नत्राचं खत वाढवलं तर पेशी आणखी मऊ होतात आणि आपणच त्यांचं काम सोपं करतो.

हवेचं हे महत्त्व युरोपला फार किंमत मोजून कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये उष्ण देशांतून जहाजं भरून ऑर्किड येत होती. ती सगळी दमट, कडक गरम केलेल्या, खिडक्या बंद असलेल्या काचघरांत ठेवत आणि ती हजारोंनी मरत. उष्ण प्रदेशातलं झाड म्हणजे त्याला उष्णता आणि बाष्प, एवढीच समजूत होती. चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानं १८३० च्या दशकात काचघरात बाहेरची हवा खेळती ठेवली, कुंड्यांच्या निचऱ्याकडे लक्ष दिलं आणि थंड डोंगरातली झाडं वेगळ्या, कमी उष्ण घरात ठेवली. त्यानं १८३५ साली जॉन गिब्सनला आपल्याकडच्या खासी टेकड्यांत ऑर्किड गोळा करायला धाडलं, तेव्हा आणलेली झाडं जगवण्याची रीत त्याच्या हाती येत चालली होती. आज बंद कपाटात दिवे लावून, वर बाष्प सोडणारं यंत्र ठेवणारा हौशी माणूस पॅक्स्टनच्या आधीच्या काचघरात परत जातो.

कुंडी आणि माध्यमाच्या बाबतीत मात्र आपली कोल्हापूरची परिस्थिती सोयीची आहे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत सांगून बाजूनं भोकं पाडलेली मातीची कुंडी करून घेता येते. अशी कुंडी बाजूंनी हवा आत घेते आणि तिची सच्छिद्र भिंत पाणी बाहेर सोडते. आत लाकडी कोळसा आणि विटांचे बोराएवढे तुकडे, वर थोडं नारळाचं सोडण, हा मेळ पावसाळी हवेला चांगला जमतो. सोडण दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवूनच वापरावं, कारण त्यात क्षार असतात. ते पाणी बरंच धरतं आणि दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होतं. बारीक झालेलं माध्यम कणांमधली हवा संपवतं. पाइनची परदेशी साल महाग पडते आणि तिच्याशिवाय काही अडत नाही. बोअरचं जड पाणी मात्र टाळावं, कारण साठलेले क्षार मुळांची टोकं जाळतात आणि जळलेलं टोक हे कुजीचं दार असतं. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी भरून ठेवलेलं यासाठी उत्तम.

विकत आणलेल्या फॅलेनॉप्सिसची एक गोष्ट तपासायलाच हवी. ही झाडं प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनानं तयार होतात आणि लहानपणी त्यांच्या मुळांभोवती स्फॅग्नम शेवाळाचा गोळा बांधलेला असतो. मोठ्या कुंडीत बदलताना तो गोळा बहुधा तसाच राहतो. वरचं माध्यम वाळलं तरी मध्ये, बुडख्याच्या अगदी खाली, तो आठवडे ओला असतो. फुलं उतरल्यावर झाड कुंडीतून काढून हा गोळा बोटांनी अलगद सोडवून घ्यावा. हे काम पावसाळ्यात करू नये; फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागली की करावं. मुळं तुटलीच तर चार-पाच दिवस पाणी न देता जखमा वाळू द्याव्यात.

फॅलेनॉप्सिसला निसर्गात पोंगा आकाशाकडे करून बसायची सवय नाही. ते फांदीवरून तिरकं, पानं खाली लोंबती ठेवून वाढतं, त्यामुळे पोंग्यात पाणी साचत नाही. आपण ते कुंडीत ताठ उभं करतो आणि पानांच्या मध्ये एक वाटीच तयार करतो. या झाडाला वाढीचा शेंडा एकच असतो. पोंगा कुजला की वरची वाढ संपली. म्हणून कुंडी मांडणीवर थोडी कलती ठेवावी किंवा झाड लाकडाच्या फळीवर बांधावं, आणि पोंग्यात पाणी गेलंच तर कापसानं लगेच टिपून घ्यावं. डेंड्रोबियमचं गणित निराळं. आपल्या सह्याद्रीतलं पांढऱ्या फुलांचं डेंड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यात वाढतं, मग पानं गाळून कोरड्या दिवसांत नुसत्या कांड्यांवर फुलतं. त्या विश्रांतीच्या काळात दिव्याखाली उबेत ठेवून त्याला नेमानं पाणी घालणारा माणूस जिव्हाळ्यानंच त्याला मारतो.

आणि ही सह्याद्रीची झाडं जंगलातून उचलून आणू नयेत. फादर सांतापाव आणि कापडिया यांचा जुन्या मुंबई राज्यातल्या ऑर्किडवरचा ग्रंथ १९६६ साली निघाला. शिवाजी विद्यापीठातल्या डॉ. श्रीरंग यादव आणि डॉ. मिलिंद सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ २००२ साली सिद्ध केला. ही संपत्ती केवढी आहे ते अशा कामांमुळे आपल्याला कळलं. दाजीपूरचं जंगल ज्यात येतं ते राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि अभयारण्यातून झाड काढणं हा गुन्हा आहे. वर्षासहलीत उचललेली आमरी फ्लॅटमध्ये फार काळ जगतही नाही, कारण तिचं सारं आयुष्य वाऱ्यावर चाललेलं असतं.

पाणी केव्हा द्यायचं याला घड्याळाचा नियम आहे: दिवे लागल्यावर पहिल्या तासात. म्हणजे मालवण्यापूर्वी पानं वाळायला अकरा तास तरी मिळतात. किती दिवसांनी द्यायचं याला मात्र पंचांग चालत नाही. कुंडी उचलून तिचं वजन ओळखायला हात आठवडाभरात शिकतो. ते जमेपर्यंत एक सुकी बांबूची काडी माध्यमात तळापर्यंत खोचून ठेवावी. काढल्यावर गालाला लावून गार वाटली तर थांबावं. पारदर्शक कुंडीत मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर नाही. पावसाळ्यात दहा दिवसांतही कुंडी वाळत नसेल तर कुंडी मोठी आहे, माध्यम बारीक झालं आहे किंवा उजेड कमी आहे. पाणी कमी करून हा दोष झाकू नये.

सगळ्या कुंड्या एकाच बादलीत बुचकळण्याची सोपी युक्ती पुष्कळ घरांत चालते. ती सोडावी. पोहणाऱ्या बीजाणूंना एका झाडाकडून दुसऱ्याकडे जायला याहून सोयीची वाट नाही. वरच्या फळीवरच्या कुंड्यांतून खालच्या झाडांच्या पोंग्यात ठिबकणारं पाणी हाही तोच धोका. प्रत्येक फळीखाली ताटली हवी आणि ताटलीतलं पाणी त्याच दिवशी ओतून द्यायला हवं.

तरीही पानावर डाग दिसला तर आधी तो ओळखावा. दिव्याला सर्वांत जवळच्या पानावर, फिकट, कोरडा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच राहिलेला डाग हा दिव्यानं भाजल्याचा आहे. दिवा वर घ्यावा. पाण्यानं फुगल्यासारखा, बोट लावलं तर दबणारा, घाण वास येणारा आणि उन्हाळ्यात एका रात्रीत दुप्पट होणारा डाग हा जिवाणूंची मऊ कूज. बुडख्यापासून वर किंवा नव्या फुटव्यापासून खाली सरकणारा, पिवळ्या कडेचा काळा-जांभळा पट्टा म्हणजे काळी कूज. कांड कापल्यावर आत जांभळट-गुलाबी वर्तुळ दिसलं तर तो फ्युझेरियम, आणि तो रंग असेल तेवढा सगळा भाग टाकावा लागतो.

इलाज बराचसा पात्याचा आहे. पातं ज्योतीत तापवून किंवा स्पिरिटनं पुसून, डागाच्या बाहेर बोटभर निरोगी भाग घेऊन कापावं, आणि पुढच्या झाडाला लावण्यापूर्वी पुन्हा पुसावं. पानाच्या कापावर दालचिनीची पूड चालते. मुळांवर टाकू नये, ती त्यांना सुकवते. घरात शेतीची औषधं असतील तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: काळ्या कुजीवर कार्बेन्डाझिमचा उपयोग होत नाही, कारण ते खऱ्या बुरशीचं औषध आहे. तिथं डाऊनीवर वापरतात ती मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल अॅल्युमिनियम लागतात, लेबलवरच्या मात्रेत, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. जिवाणूंवर तांब्याची औषधं चालतात, पण डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही.

सगळी मुळं गेली पण पानं टणक असलेलं फॅलेनॉप्सिस लगेच टाकून देऊ नये. मेलेली मुळं कापून, बुडखा दोन दिवस वाळवून ते रिकाम्या पारदर्शक कुंडीत नुसतं टेकवून ठेवावं. कुंडीच्या तळाशी ओलसर शेवाळ, बुडख्याला स्पर्श होणार नाही इतकं खाली. दिवा नेहमीपेक्षा थोडा दूर, पंखा चालू. नव्या मुळाचं टोक दिसायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. ते दोन बोटं वाढलं की कोळसा आणि वीट भरावी आणि पहिलं पाणी द्यावं.